पोखरकर सरांचं बेचव पाणी

पोखरकर सरांनी माझ्या दुकानात कधी पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. एक दिवस सोडून. तो दिवस मी शेवटी सांगणार आहे, कारण आधी सांगितला तर तुम्हाला माणूस कळायचा नाही, नुसता राग येईल. राग मलाही येतो. कधी सरांचा येतो, कधी आबांचा, आणि कधी रस्त्याच्या कडेला उभं राहून टाळ्या वाजवणाऱ्या आमच्याच लोकांचा.

माझं किराणा दुकान आळेफाट्यावर, एसटी स्टँडसमोर. आम्ही मूळचे राजस्थानातले जैन, पण ते आता फक्त सोयरीक जमवताना आठवतं. घरात थोडंफार मारवाडी बोलतो, भांडताना मात्र सगळे मराठीवर येतात. दुकानात आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं आणि मग काय हवं ते विचारायचं, ही वडिलांची शिस्त. आमच्याकडचं पाणी उकळून गाळलेलं, त्यामुळे नको म्हणायला कुणाला कारणही नसतं. सर मात्र पहिल्याच दिवशी नको म्हणाले.

"चहा सांगू का?"

"नको शेठ. मी कुणाच्या हातचं काही घेत नाही."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, हा कोण लागून गेला एवढा सोवळ्याचा? नंतर कळलं की मुख्याध्यापकांच्या घरीही हेच, संस्थेच्या अध्यक्षांच्या बंगल्यावरही हेच. सख्ख्या मेव्हणीच्या घरी जेवायला गेले ते स्वतःची किटली घेऊन. मेव्हणी त्यानंतर वर्षभर बोलली नाही म्हणे. बरोबरच केलं तिनं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. सर मूळचे आंबेगाव तालुक्यातले, घोडेगावच्या पलीकडचे. बेल्ह्याकडच्या एका शाळेत खेळाचे शिक्षक म्हणून आले होते. अंगानं काटकुळे, मान लांब, गळ्यात शिट्टी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि सायकलच्या हँडलला दूधवाल्याची असते तशी झाकणाची ॲल्युमिनियमची किटली. त्या किटलीत काय असतं यावर फाट्यावर बऱ्याच चर्चा झाल्या. काहींनी तर दारूही ठरवून टाकली.

किटलीत असायचं पाणी, साखर, मीठ आणि लिंबाचे थेंब. एकदा मी बोट बुडवून चाखलं. गोड म्हणावं तर गोड नाही, खारट म्हणावं तर खारट नाही. उष्टी भांडी विसळलेलं पाणी बरं.

"कसंय?" सरांनी विचारलं.

"एकदम बेचव."

"मग जमलं," असं म्हणून हा माणूस चक्क खूश झाला. "जिभेला आवडलं की मला भ्या वाटतं, शेठ."

सर लांब पल्ल्याची पोरं तयार करायचे. शंभर-दोनशे मीटरच्या पळण्याला ते पळणं म्हणायलाच तयार नसत. "एसटी पकडायला पळतात तसलं ते," म्हणायचे. त्यांची पोरं आण्याचा घाट चढायची, उतरायची, पुन्हा चढायची. आणि सरांचं सगळं डोकं एकाच गोष्टीत गुंतलेलं: एवढं पळताना माणसानं प्यावं काय, की अंगात जोर राहील आणि पोट बिघडणार नाही.

त्यासाठी माझ्या दुकानातलं एक पाकीट सोडलं नाही त्यांनी. ग्लुकोजची पावडर, जुलाबावर देतात ती मिठाची पुडी, टीव्हीवर हिंदी जाहिरात लागायची ती संत्र्याची पावडर, कोकम, आवळ्याचं सरबत. एकेक घेऊन जायचे, मोकळ्या सकाळी घाटात स्वतःवर प्रयोग करायचे आणि मग मला येऊन सुनवायचे, जसा काही मीच तो कारखाना काढलाय.

"शेठ, ही संत्र्याची पावडर कोण नेतं?"

"बारक्या पोरांसाठी नेतात. लई खपते."

"खपणारच. काल घाट चढताना प्यालो. निम्म्यात बसलो."

"दमलात?"

"बसलो म्हणजे बसलो, शेठ. झुडपामागं."

गिऱ्हाइकं हसून हसून बेजार. सर हसले नाहीत. काउंटरवर कोपर टेकून मला समजावत बसले. पळताना रक्त सगळं पायाकडं असतं, पोट बिचारं रिकाम्या हातानं काम करतं. त्यात घट्ट गोड ओतलं की ते पातळ करायला पोट अंगातलंच पाणी ओढतं, आणि मग ते सगळं खाली धावतं. बर्फगार एकदम ओतलं की गोळा येतो. फळाचा रस पोटात डचमळत राहतो. नुसतं पाणी ढोसलं तर घामातनं गेलेलं मीठ परत कोण देणार? म्हणून पातळ, कोमट, घोट घोट आणि थोडं थोडं करून सारखं.

"आणि सगळ्यात मोठं काय सांगू? पायांना जसा सराव, तसा पोटालाबी लागतो. सरावात जे पेलं नाही, ते शर्यतीत प्यायचं नाही. मग ते अमृत असू दे."

हे 'कुणाच्या हातचं' प्रकरण कुठून आलं, हे मी खोदून खोदून विचारलं तेव्हा एकदाच सांगितलं त्यांनी. तरुणपणी पुण्यात एका मोठ्या शर्यतीत ते पुढे होते. कडेला उभ्या एका भल्या माणसानं मायेनं मलईची लस्सी पुढं केली. एवढा मोठा पेला. नाही कसं म्हणायचं म्हणून प्यायले. पुढं चौकात, बघ्यांच्या गर्दीसमोर, चड्डी खराब झाली. मागचे सगळे पुढं गेले. "त्या माणसाचं काही चुकलं नाही," सर म्हणाले. "त्यानं दिलं. मी नाही म्हणायला पायजे व्हतं."

आमच्या आईची आणि त्यांची गट्टी जमली ती याच पोटाच्या विषयावरून. पर्युषणात आई आठ दिवसांचा उपवास करायची, फक्त उकळलेलं पाणी. उपवास सुटतो त्या सकाळी पारणं. सगळे नातेवाईक जमतात आणि एकेक जण आपल्या हातानं तिला चमचाभर भरवतो. भरवणाऱ्याला पुण्य मिळतं, त्यामुळे कुणाला नाही म्हणता येत नाही. एका वर्षी कुणी दूध दिलं, कुणी शिरा, कुणी बदाम वाटून आणलेले, आणि आई दुपारी आडवी झाली. आठ दिवस उपाशी राहून जे झालं नाही, ते पुण्य करणाऱ्यांनी घडवलं.

पुढच्या वर्षी आईनं शक्कल लढवली. मुगाचं पातळ पाणी एका वाटीत घेऊन बसली. यायचं, आपल्या हातानं भरवायचं, पण चमचा याच वाटीत बुडवायचा. सगळ्यांचा मान राहिला आणि पोटही. सर त्या दिवशी मिठाची पुडी न्यायला आले होते, मागच्या पडवीत उभं राहून त्यांनी ते सगळं पाहिलं.

"माताजी," ते आईला म्हणाले, "हे मला आधी सुचलं असतं तर मेव्हणी तरी बोलती राहिली असती."

आई म्हणाली, "हात त्यांचा असू द्यावा भाऊ. वाटी आपली पायजे."

सरांना ते फार आवडलं. पोरांना सांगत सुटले. आणि वेळ आली तेव्हा, जाऊ द्या. क्रमानं सांगतो.

सुनंदा आण्याची. आणे पठारावर, पाऊस कमी, विहिरी खोल. मळ्यापासून शाळेपर्यंत पळत यायची सवय होती तिला, कारण घरची कामं उरकून निघायला उशीरच व्हायचा. सावळी, उंच, बोलायला फटकळ. सरांनी तिला पळताना पाहिलं आणि त्या दिवशी दुकानात येऊन काहीच न घेता नुसते उभे राहिले.

"काय झालं सर?"

"शेठ, मला पोरगी सापडली."

दोन वर्षं त्यांनी तिला घडवली. पायांपेक्षा पोटच जास्त. सुरुवातीला किटलीतलं पाणी पिऊन पळाली की तिला मळमळायचं. सरांनी एकेक घोटानं सवय लावली. मीठ किती, साखर किती, हे तिच्या घामावरून ठरवलं. उन्हाळ्यात तिच्या परकराच्या काळ्या कापडावर पांढरे डाग पडायचे ते बघून म्हणाले, हिचा घाम खारट आहे, हिला मीठ जास्त लागणार. गावातल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मास्तर पोरीच्या घामाचं काय बघतोय म्हणून वाईट बोलणारेही निघाले. सरांना ते कळलंच नाही, की कळून त्यांनी सोडून दिलं, मला माहीत नाही.

तिच्यात नि सरांमध्ये एक ठरलेला खेळ होता. सराव चालू असताना सर मुद्दाम कुणालातरी रस्त्यात उभं करायचे. कधी ताक घेऊन, कधी उसाचा रस. तिच्या सख्ख्या आईलाही एकदा लिंबाचं सरबत घेऊन उभं केलं. सुनंदानं मान हलवायची आणि पुढं जायचं. आई बिचारी पेला धरून तशीच उभी.

"आई हाये वो सर ती माझी!" सुनंदा परत येऊन चिडली.

"मग तर जास्तच नाही म्हणायचं. वैऱ्याच्या हातचं कोण पितं?"

"आन् तुमी दिलं तर?"

"माझं सरावातलं आहे. मी सांगीन ते फक्त."

मी सांगीन ते फक्त. हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, म्हणून लिहितोय.

आता आबा. संस्थेचे अध्यक्ष. मोठा माणूस, वाईट नव्हे, पण त्यांना प्रत्येक गोष्टीत आपला हात दिसायला हवा असे. त्यांच्या वाढदिवसाला त्यांनी शर्यत जाहीर केली. आण्याहून सुरुवात, घाट उतरून बेल्हे, राजुरी, आळे करत आळेफाट्यापर्यंत. पुण्याहून निवड करणारे लोक येणार होते. मुलींत जी पहिली येईल तिची पुण्यात खेळाडूंच्या वसतिगृहात सोय, शिक्षण आणि पुढं नोकरीची वाट.

सुनंदाच्या बापानं दुकानातच, माझ्यासमोर, सरांना सांगितलं. माणूस सरळ होता, उगाच गोड बोलायचा नाही.

"सर, पोरगी पयली आली तर खुशाल घेऊन जा पुण्याला. माझी ना नाय. नाय आली तर मंचरकडचं स्थळ थांबलंय, मार्गशीर्षात उडवून देतो बार. मग पुन्यांदा माझ्या दारात किटली घेऊन यायचं नाय."

"येईल पहिली," सर म्हणाले.

ती येणारच होती. मी काही पळण्यातला जाणकार नाही, पण ज्यानं तिला घाटात पाहिलं होतं त्याला शंका नव्हती.

एक गाठ मात्र दुसरीकडे होती. सर अजून नोकरीत कायम झाले नव्हते. इतकी वर्षं झाली तरी दर जूनला नव्यानं नेमणूक, आणि कायम करणं आबांच्या हातात. बायकोचं आजारपण, दोन मुलं. शर्यतीच्या आधी काही दिवस आबांनी त्यांना बोलावून सांगितलं, यंदा तुमचं काम करून टाकू. सर ते सांगताना हसले होते. त्यांना मी हसताना क्वचितच पाहिलंय.

शर्यतीच्या दिवशी मी दुकान भावावर सोपवलं आणि माझी स्कूटर काढली. सर मागे बसले, मांडीवर किटली. आण्यापासून आम्ही सुनंदाच्या मागं मागं. घाटात दोघीतिघी तिच्याबरोबर होत्या, घाट संपला तशा मागं पडल्या. ठरल्या जागी सर किटलीच्या झाकणात पाणी ओतून पुढं करायचे, ती घोट घ्यायची, झाकण परत द्यायची. एकदाही तोंड वाकडं केलं नाही. लोक दोन्ही कडांना उभे होते. कुणी कलिंगडाच्या फोडी घेऊन, कुणी सरबताची बादली. "घे गं ताय, घे गं!" आमच्याकडे पळणाऱ्याला पाणी न देणं म्हणजे पापच. ती मान हलवत पुढं जात होती. सर मागून पुटपुटत होते, "शाब्बास. शाब्बास माझी वाघीण."

बेल्ह्याच्या वेशीत मांडव घातला होता. ढोल, लाउडस्पीकर, आबा हार घालून उभे. शेजारी त्यांचा पुतण्या, फोटोग्राफर, आणि बर्फाच्या टबात बाटल्या. भडक नारिंगी रंगाचं नवीन पेय होतं ते, खेळाडूंसाठीचं म्हणून आलेलं. पुतण्यानं नुकतीच तालुक्याची एजन्सी घेतली होती. बाटली हातात घेऊन आबा रस्त्याच्या मधोमध आले.

सुनंदानं मान हलवली. बाजूनं निघाली. तर आबा हसत हसत तिच्याबरोबर चार पावलं पळाले आणि आडवे आले. तिला थांबावंच लागलं. जागच्या जागी पाय हलवत राहिली.

"घे पोरी, तुझ्यासाठीच आणलीय."

"नको आबा."

"अगं घे की! आबांचा मान राख!" मांडवातून ओरडा सुरू झाला.

तिनं वळून सरांकडे बघितलं. मी स्कूटर तिच्यापाशीच उभी केली होती. आबांनीही बघितलं.

"काय सर, पोरीला आमच्या हातचं चालत नाय का? का तुमच्यासारखंच शिकवलंय?" आबा हसत होते. बोलणं हसण्यावारी, पण डोळे हसण्यावारी नव्हते.

मी मागे वळून सरांच्या कानात म्हणालो, "सर, वाटी आपली. किटलीतलं आबांच्या हातात द्या." माझ्या आईचे शब्द होते ते. सरांनाही पटलं असणार, कारण त्यांनी किटलीचं झाकण भरलं आणि पुढं केलं. "आबा, तुमच्या हातानं हे द्या तिला. सरावातलं आहे. मान तुमचाच."

आबांनी झाकणाकडे पाहिलं, मग पुतण्याकडे. पुतण्या म्हणाला, "ह्या किटलीचा फोटो काढायचा का आता?"

सगळा मांडव हसला. मागच्या पोरी वळणावर दिसायला लागल्या होत्या. सुनंदा म्हणाली, "सर, काय करू? सांगा लवकर."

मला वाटलं आता हा माणूस उतरेल, आबांच्या हातातली बाटली घेऊन गटारात फेकेल. एवढी वर्षं मेव्हणीला, मुख्याध्यापकाला, मला, सगळ्या जगाला नाही म्हणणारा माणूस. एक 'नाही' तेवढं बाकी होतं. सगळ्यात गरजेचं.

"घे," सर म्हणाले. "घोटभर घे."

सुनंदानं त्यांच्याकडे जे पाहिलं ते मी पाहिलंय. मग तिनं बाटली तोंडाला लावली. फोटोग्राफर ओरडला, "अजून, अजून, हसून!" आबांनी बाटलीला खालून हात लावला. घोटभर कुठलं, अर्धी बाटली बर्फगार गोड पाणी पोटात गेलं त्या पोरीच्या. टाळ्या पडल्या आणि ती पळाली.

राजुरीपर्यंत ठीक होती. राजुरीच्या पुढं तिनं पोट धरलं. एकदा थांबली, वाकली, पुन्हा पळाली. मग रस्त्याकडेच्या उसात शिरली. बाहेर आली तेव्हा दुसरी पोरगी पुढं निघून गेली होती. सर "सुनंदा, सुनंदा" करत उतरून तिच्याजवळ गेले, किटली पुढं केली. तिनं हातानं किटली बाजूला सारली. पुन्हा पळाली, पुन्हा उसात गेली. शेवटी मागं कपडे खराब झालेल्या अवस्थेत, रडत, ती आळेफाट्याला पोचली. सोडून दिली नाही शर्यत तिनं, हे सांगायलाच हवं. कितवी आली ते मी बघितलं नाही. पहिली नव्हती.

तिथंही लोक होतेच. काही हसले. मेले हसले हो! माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून हसणाऱ्या एकाला मी हाताला धरून उठवला. माझ्या बायकोनं तिला आत नेलं, धुतलं, स्वतःची साडी नेसवली. बाप बाहेर उभा होता. आत येईना.

मार्गशीर्षात लग्न झालं. उलट बापाला घाईच झाली, पोरगी चारचौघांत तशी दिसली म्हणून. सर लग्नाला आले, शेवटच्या रांगेत बसले, जेवले नाहीत. नवरा-नवरी सगळ्यांच्या पाया पडत फिरत होती. सुनंदा त्यांच्यापाशी आली, उभी राहिली आणि नमस्कार न करता पुढं गेली.

सर कायम झाले. आबांनी शब्द पाळला. नव्या वर्षाचं पुतण्याच्या एजन्सीचं कॅलेंडर निघालं, त्यावर तोच फोटो. आबा बाटली पाजताहेत आणि सुनंदा हसल्यासारखी दिसतेय. सगळ्या दुकानांत वाटलं. माझ्याकडेही देऊन गेले. मी ते टांगलं नाही, पण समोरच्या हॉटेलात होतं, पलीकडच्या औषधाच्या दुकानात होतं, स्टँडच्या कँटीनमध्ये होतं. सर एसटीला आले की मान खाली घालून चालायचे. वर्षभर ते कॅलेंडर तालुक्यात लटकत राहिलं.

किटली गेली. कुठं गेली विचारलं नाही. सरांनी पोरं पळवणं बंद केलं नाही, नोकरीच ती, पण मैदानाला चार फेऱ्या मारून घ्यायचे आणि शिट्टी वाजवायचे. एकदा माझ्यासमोर एका पोरानं विचारलं, "सर, पळताना काय प्यायचं?"

"जे मिळेल ते प्या," सर म्हणाले.

मला त्यांचा इतका संताप आला त्या दिवशी! एवढं सगळं ज्या माणसाला ठाऊक, त्यानं असं बोलावं? कुणाच्या हातचं न घेण्याची सवय मात्र त्यांनी सोडली नाही. पाणी पुढं केलं की तेच, "नको शेठ." जी सवय मोडायला नको होती ती एकदा मोडली, आणि बाकी सगळ्या जगापुढं ती तशीच पाळत राहिले. ह्याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

वर्षं गेली. हातात मोबाइल आले, माझ्या दुकानात काचेचा फ्रीज आला आणि त्यात रंगीबेरंगी बाटल्या. पुतण्याची एजन्सी केव्हाच बुडाली होती, पण तसल्याच नारिंगी पाण्याच्या दुसऱ्या बाटल्या आता सगळेच ठेवतात. सर निवृत्त झाले. बायको गेली होती. पोट पार नाजूक झालेलं, मऊ भात आणि मुगाच्या वरणाशिवाय काही सोसायचं नाही. माझ्याकडे यायचे ते इसबगोल न्यायला.

त्या दिवशी बेल्ह्याचा बैलबाजार होता. सर काउंटरपाशी उभे होते आणि दारात मंचरकडचा टेम्पो थांबला, मागं दोन कालवडी. नवरा टायर बघायला उतरला आणि एक बाई लेकीचं बोट धरून आत आली. अंगानं भरली होती, पण चालीवरून मी ओळखली.

"शेठ, बरं हाय का? पोरगी कवाधरनं ती बाटली मागतीय," ती फ्रीजकडे बोट करून म्हणाली. मग तिला सर दिसले.

सर भिंतीकडे सरकले. जायला वाट नव्हती, दारात लेक उभी होती.

"सर, वळखलं का?"

"सुनंदा," सर म्हणाले. "बरी आहेस ना?"

"बरी हाये. ही माझी धाकटी. पळती चांगली." तिनं फ्रीज उघडला, नारिंगी बाटली काढली, झाकण फिरवलं. मला वाटलं लेकीला देतेय. तिनं हात सरांपुढं केला.

"घ्या सर."

"नको गं. माझं पोट आता..."

"माझं काय पोट नव्हतं का?"

दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती. त्यांना काही कळलं नाही. ती आवाज न चढवता बोलत होती, आणि हात तसाच पुढं.

"घ्या. घोटभर घ्या."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी "राहू दे सुनंदा" म्हणायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी बाटली घेतली होती. घोटभर नाही, सगळी प्यायले. मध्ये श्वास घ्यायला थांबले आणि पुन्हा लावली. गळ्याची घाटी वरखाली होत होती. बर्फगार गोड पाणी, ज्याच्या एका घोटालाही ते आयुष्यभर घाबरले. रिकामी बाटली त्यांनी तिच्या हातात दिली, हात जोडले आणि पायरी उतरून गेले. रस्ता ओलांडतानाच त्यांनी एका हातानं पोट धरलं. स्टँडच्या मागच्या बाजूला वळले. त्यानंतर ते मला दिसले नाहीत. गावाकडे गेले आणि तिकडेच संपले, एवढंच कानावर आलं.

सुनंदा त्या वळणाकडे बघत उभी राहिली. लेक पदर ओढत होती, नवरा बाहेरून हाका मारत होता.

"शेठ," ती म्हणाली आणि तिला रडू कोसळलं, "मला वाटलं, आज तरी न्हाई म्हणतील वो."